समुद्रापासून दूर, तापीकाठी ट्रायथलॉन : खानदेशातील हौशी खेळाडूंसाठी सविस्तर मार्गदर्शन

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक आणि घड्याळ न थांबवता पूर्ण करायचे, याला ट्रायथलॉन म्हणतात. मी जळगावात औषधांचे दुकान चालवते आणि चाळिशी ओलांडल्यावर या खेळाकडे वळले. आमच्या गटात आज सहा जण आहेत: भुसावळला राहणारे एक लोको पायलट, म्हणजे रेल्वेचे इंजिनचालक, अमळनेरकडचे एक शेतकरी, ज्यांना लहानथोर सगळेच नाना म्हणतात, शाळेत गणित शिकवणाऱ्या एक ताई, अभियांत्रिकीला शिकणारी दोन मुले आणि मी. आमच्यापैकी कोणीही शाळा-कॉलेजात खेळाडू म्हणून ओळखले जात नव्हते. नोकरी, धंदा, शेती आणि घर सांभाळून या भागात राहणाऱ्या माणसाला अर्ध्या अंतराच्या ट्रायथलॉनपर्यंत कसे पोहोचता येते, त्याच्या पायऱ्या मी येथे क्रमाने मांडत आहे. त्यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे: महागडी सायकल घेण्याआधी पहाटे पाचला चौकात येऊन उभी राहतील अशी तीन-चार माणसे शोधा.

आधी कारण लिहून काढा

सरावाचा पहिला दिवस मैदानात नव्हे, तर घरी वही उघडून सुरू करावा, आणि आपण हे कशासाठी करत आहोत ते एका वाक्यात लिहावे. माझे वाक्य असे होते की, काउंटरपलीकडे उभ्या राहणाऱ्या माझ्याच वर्गमैत्रिणींना मी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मोजून देते, माझ्या वडिलांनाही मधुमेह होता, आणि त्या रांगेत मला इतक्या लवकर उभे राहायचे नाही. वजन कमी करणे, पदक मिळवणे, मुलांना काहीतरी करून दाखवणे यांपैकी कोणतेही कारण वाईट नाही. पण वजनाचा काटा तिसऱ्या महिन्यात एका जागी थांबतो आणि पदक अजून फार दूर असते, तेव्हा एकट्या कारणावर माणूस टिकत नाही. जुलैच्या पावसात साडेचारचा गजर वाजतो तेव्हा मला माझी वही आठवत नाही. गणिताच्या ताई आकाशवाणी चौकात रेनकोट घालून एकट्या उभ्या असतील, हे आठवते आणि मी उठते.

कारण लिहून झाल्यावर लगेच डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एवढे तरी पाहावेच. चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल किंवा चालताना छातीत जडपणा येत असेल, तर ताणचाचणीबद्दल (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती) डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. आपल्याकडे अनेक स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी असते आणि दम लागण्याचे कारण सरावाचा अभाव नसून तेच असू शकते, म्हणून हा अहवाल हातात येईपर्यंत जोराचा सराव करू नये.

कोणते अंतर निवडायचे

स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिंपिक अंतरात हेच आकडे १.५, ४० आणि १० किलोमीटर होतात. २००० साली सिडनीत हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तो याच अंतराने. अर्ध्या अंतरात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे येते, ज्यांची बेरीज मैलांत ७०.३ भरते आणि म्हणून आयर्नमॅन या स्पर्धामालिकेच्या त्या प्रकाराला ७०.३ असे नाव आहे. पूर्ण अंतर याच्या दुप्पट. १९७८ साली हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण पाण्यात उतरले होते आणि १२ जणांनी ती पूर्ण केली.

पहिल्या वर्षी स्प्रिंट किंवा ऑलिंपिक अंतरावर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यात २०१९ साली मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडचे बरेच जण सायकल शिकण्याआधीच त्या नावाच्या मागे लागतात. आपल्या भूगोलात ते अंतर किती, हे एकदा नीट समजून घ्यावे: २५ मीटरच्या तलावात ७६ फेऱ्या, त्यानंतर जवळपास जळगाव ते धुळे एवढी सायकल, आणि धुळ्यात उतरल्यावर अर्धी मॅरेथॉन. जिथे सोय असेल तिथे पहिली स्पर्धा रिलेमध्ये करावी, म्हणजे एकाने पोहायचे, दुसऱ्याने सायकल चालवायची आणि तिसऱ्याने धावायचे. आमच्या गटाची सुरुवात अशाच एका रिलेने झाली, आणि एकमेकांची वाट पाहत उभे राहण्याची सवय आम्हाला तिथूनच लागली.

गट कसा जमवावा

सगळे सारख्या वेगाचे लोक जमवण्याचा मोह टाळावा. सारख्या वेगाचे लोक लवकरच शर्यत लावतात, आणि रोजचा सराव शर्यतीत गेला की गुडघे आणि मैत्री दोन्ही दुखावतात. आमच्यात प्रत्येकाला काहीतरी येते आणि काहीतरी येत नाही. नाना लहानपणी पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले; तासभर पाण्यात राहिले तरी त्यांना दम लागत नसे, पण मान सतत पाण्याबाहेर असल्यामुळे कंबर खाली जाई आणि वेग मिळत नसे. मी महापालिकेच्या तलावात महिलांच्या बॅचला शिकलेली, त्यामुळे तोंड पाण्यात ठेवून नीट श्वास घेता येत होता, पण पायाखाली तळ नसला की हातपाय गळत. एका उन्हाळ्यात मी त्यांना मान पाण्यात घालायला लावली आणि त्यांनी माझी भीती घालवली.

गटाचे नियम थोडे आणि पक्के असावेत. आमच्याकडे ठरलेल्या वेळेनंतर पाच मिनिटेच थांबतात. येणार नसाल तर रात्री नऊच्या आत कळवायचे. रविवारच्या लांब फेरीत सर्वांत मागच्या माणसाला एकटे सोडायचे नाही. आणि अंधारात किंवा मोकळ्या पाण्यात कोणीही एकट्याने जायचे नाही. स्त्रियांसाठी मी आणखी एक नियम धरते, की पहाटेच्या अंधारात किमान दोघींनी बरोबर असावे आणि मार्ग घरी सांगून ठेवावा. पेरणीच्या दिवसांत नाना पंधरा-पंधरा दिवस येत नाहीत, लोको पायलट भाऊंची ड्यूटी रात्रीची लागते, कानबाईचा उत्सव, पोळा आणि गणपती येतात. या गैरहजेरीचा हिशेब विचारू नये. जो परत येतो त्याला त्या दिवशी आपल्या वेगाने न पळवता त्याच्या वेगाने आपण जावे, म्हणजे तो पुढच्या दिवशीही येतो.

पोहणे : ज्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा

आपल्याकडे सायकल आणि धावणे कसेही जमते, पण पोहण्यामुळे लोक स्पर्धेला जात नाहीत किंवा गेल्यावर पहिल्याच तासात बाहेर पडतात. म्हणून स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असेल तर पोहणे फेब्रुवारीतच सुरू करावे. एप्रिल-मेमध्ये सुट्टीतल्या मुलांच्या वर्गांमुळे तलाव भरून जातात आणि सलग फेऱ्या मारायला जागा मिळत नाही, त्याआधी पाया तयार झालेला असावा.

पहिले दोन आठवडे अंतर मोजूच नये. तलावाची कड धरून तोंड पाण्यात घालायचे आणि नाकातोंडाने हवा हळूहळू, बुडबुडे येतील अशी सोडत राहायची, मग मान वळवून घ्यायची. नवख्या माणसाला दम लागतो तो श्वास घ्यायला न मिळाल्यामुळे नव्हे, तर आधीची हवा सोडलेलीच नसते म्हणून. हे अंगवळणी पडले की २५ मीटरच्या आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर श्वास शांत होईपर्यंत विश्रांती. पुढे ५० मीटर, मग १०० मीटर सलग. सलग १०० मीटर शांतपणे जमायला सहा ते आठ आठवडे लागले तरी चिंता करू नये, कारण तिथून ४०० मीटरपर्यंतचा प्रवास त्यापेक्षा सोपा असतो. १०० मीटरच्या दहा फेऱ्या, मधे वीस-तीस सेकंदांची विश्रांती, हा आमचा वर्षभराचा मुख्य सराव आहे. पायांनी फार मारू नये. पुढे सायकल आणि धावणे आहे, पाय जपायचे आहेत.

तलावात १,००० मीटर सलग जमू लागल्यावर मोकळ्या पाण्याकडे वळावे. धरण किंवा तलावात उतरण्याआधी संबंधित विभागाची परवानगी आणि गावातल्या माणसांचा सल्ला घ्यावा, पावसाळ्यात वाहत्या किंवा चढत्या पाण्यात कधीही उतरू नये, तापी किंवा गिरणेच्या पात्रात पुराच्या दिवसांत तर नाहीच. कमरेला बांधायचा नारिंगी फुगा प्रत्येकाकडे हवा आणि काठावर एक माणूस फक्त मोजायला उभा हवा. मी पहिल्यांदा नानांच्या गावाजवळच्या पाझर तलावात उतरले, त्या दिवशी पाण्यात तोंड घातल्यावर मला माझा स्वतःचा हात कोपराच्या पुढे दिसेना. सगळे मातकट हिरवे. वीस हात मारले आणि छाती आवळल्यासारखी झाली. नाना शेजारी पाठीवर उलटे झाले, पायाची बोटे पाण्याबाहेर काढून अगदी निवांत तरंगत राहिले आणि म्हणाले, “ताई, आधी श्वास सोडा. घ्यायचं मग बघू.” मी फुग्याला धरून दहा वेळा श्वास सोडला, ते मोठ्याने मोजत होते. मग आम्ही काठाला समांतर, छातीएवढ्या पाण्याच्या कडेकडेने पोहलो. मोकळ्या पाण्याचे पहिले चार-पाच सराव असेच काठाला समांतर करावेत.

तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, मोकळ्या पाण्यात ती नसते. त्यामुळे दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याच्या थोडे वर काढून समोरची खूण पाहण्याची सवय लावावी लागते. खूण उंच आणि न हलणारी निवडावी, उदाहरणार्थ पाण्याची टाकी किंवा एकटे झाड. शेवटच्या महिन्यात तिघांनी अगदी जवळून, एकमेकांचे हात लागतील असे पोहण्याचा सराव करावा, कारण शर्यतीच्या सुरुवातीला गर्दीत चष्म्याला धक्का लागतोच, आणि तेव्हा घाबरायचे नाही हे शरीराला आधीच माहीत असायला हवे.

सायकल आणि आपले सपाट रस्ते

पहिल्या वर्षी हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची साधी गिअरची सायकल पुरते. वाकड्या हँडलची, बारीक टायरची रोड सायकल घेतलीच तर मापाची घ्यावी, कारण चुकीच्या मापाच्या सायकलीने पाठ आणि मनगटे दुखतात. सीटची उंची अशी असावी की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा यांशिवाय घराबाहेर पडू नये. पहाटे आपल्या रस्त्यांवर दुधाच्या गाड्या, केळीने भरलेले ट्रक आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात.

तापीच्या खोऱ्यातला रस्ता सपाट आहे म्हणून तो सोपा, असे समजू नये. घाटात उतारावर पायांना विसावा मिळतो. जळगावहून धरणगावमार्गे अमळनेरला जाताना तीन तास पाय एकसारखे फिरत राहतात आणि समोरून वारा असेल तर विसावा शून्य. ट्रायथलॉनला नेमकी हीच ताकद लागते. मिनिटाला पेडलचे ८० ते ९० फेरे होतील असा हलका गिअर ठेवावा आणि वेगाचा आकडा वाऱ्यावर सोडून द्यावा. लांब फेरीत वेग एवढाच असावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. आठवड्यातली बहुतेक सगळी मेहनत या बोलण्याच्या वेगात व्हावी आणि दम लागेल असा जोर आठवड्यात एकदा-दोनदाच द्यावा. रविवारी आम्ही जळगावहून निघतो, नाना अमळनेरहून, आणि धरणगावला भेटून पुढचा मार्ग वाऱ्याची दिशा पाहून ठरवतो. चढाचा सराव हवा असेल तर धुळ्याजवळचा लळिंग घाट आहे, आणि वर्षातून एकदा आम्ही शहाद्याहून तोरणमाळ करतो, जिथे तापीकाठच्या सपाटीवरून समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर जायचे असते.

लोको पायलट भाऊंकडून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. निघण्याआधी ते सायकल दर वेळी त्याच क्रमाने तपासतात: पुढचे चाक, पुढचा ब्रेक, हँडल, मागचा ब्रेक, मागचे चाक, साखळी, दिवे. आणि इंजिनात सिग्नल मोठ्याने उच्चारण्याची जी शिस्त असते, ती त्यांनी रस्त्यावर आणली. पुढचा माणूस “खड्डा”, “वाळू”, “डावीकडे कुत्रं” असे मोठ्याने सांगतो आणि मागचे सगळे तेच पुन्हा म्हणतात.

पंक्चर स्वतः काढता आलेच पाहिजे, कारण स्पर्धेत बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर बाद करतात. आपल्या रस्त्यांच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे असतात, म्हणून डांबराच्या काठावरून, मातीला लागून सायकल चालवू नये. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याची घाई करू नये. टायर रिमवरून काढला की त्याच्या आतल्या बाजूने बोट अगदी हळू, पूर्ण गोल फिरवावे. मी एकदा ते न करता ट्यूब बदलली, आणि पारोळ्याच्या रस्त्यावर दोनशे मीटरवर दुसरी ट्यूबही गेली. सराट्याचे टोक रबरात तांदळाच्या कणीएवढे रुतलेले होते आणि बाहेरून काहीही दिसत नव्हते. घरी महिन्यातून एकदा घड्याळ लावून चाक काढा, ट्यूब बदला, हवा भरा. दहा मिनिटांच्या आत जमले की पुरे.

धावणे आणि जोड-सराव

धावण्याबद्दल थोडेच सांगते, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा एक दशांशाहून जास्त वाढवू नये, दर चौथा आठवडा हलका ठेवावा आणि सिमेंटच्या रस्त्यापेक्षा मातीची वाट धरावी. आम्ही मेहरूण तलावाच्या परिसरात धावतो.

ट्रायथलॉनचे खरे धावणे मात्र वेगळे असते, कारण ते सायकलीवरून उतरल्या उतरल्या करायचे असते. मांड्या लाकडासारख्या होतात, पावले आखूड पडतात आणि पहिला किलोमीटर हे पाय आपले नाहीत असे वाटते. यासाठी जोड-सराव करावा, ज्याला खेळाडू ब्रिक म्हणतात. रविवारच्या फेरीनंतर सायकल भिंतीला टेकवून पाच मिनिटांच्या आत बूट बदलून धावायला निघावे. सुरुवातीला दहा मिनिटे, स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात चाळीस मिनिटांपर्यंत. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू धावावा.

ऊन

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि या उन्हात सराव करून आपण कणखर होतो असा एक समज आहे. तो मी मनापासून खोडून काढू इच्छिते. शरीराला उष्णतेची सवय लागायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्यासाठी रोज तासभर, सकाळी आठच्या सुमाराच्या कोवळ्या उन्हात, बोलण्याच्या वेगाने सराव करणे पुरेसे असते. सवय लावण्याचे हे दिवस सोडले, तर एप्रिल ते जूनमध्ये सायकल आणि धावणे सकाळी साडेसातपूर्वी संपवावे आणि उरलेला सराव पाण्यात करावा.

एका एप्रिलमध्ये एरंडोलहून परतताना आम्हाला पंक्चरांमुळे उशीर झाला. साडेनऊ वाजले होते. गणिताच्या ताई माझ्या पुढे होत्या आणि त्यांच्या दंडावर काटा उभा राहिलेला मला मागून दिसला. त्या कडक उन्हात अंगावर शहारा येणे ही धोक्याची खूण आहे. मी त्यांना थांबवून सतराचा पाढा विचारला. एरवी झोपेत म्हणतील, पण त्या चारलाच अडखळल्या. आम्ही त्यांना लिंबाच्या सावलीत निजवले, ओढण्या आणि टी-शर्ट भिजवून मानेवर, काखेत आणि जांघेत ठेवले, सतत वारा घातला आणि गाडी बोलावून थेट दवाखान्यात नेले. त्या बऱ्या झाल्या, पण आणखी पाच किलोमीटर गेलो असतो तर काय झाले असते हा विचार मला अजूनही येतो. शहारे, चक्कर, मळमळ यांपैकी काही दिसले की सराव तिथेच संपवावा. बोलण्यात गोंधळ आला तर तो उष्माघात समजून लगेच अंग गार करायला सुरुवात करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

खाणे, पिणे आणि औषधे

घाम किती जातो हे प्रत्येकाने मोजावे. तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. जेवढे किलो कमी झाले, त्यात मधे प्यायलेले लिटर मिळवावेत, म्हणजे तासाचा घाम कळतो. माझा सव्वा लिटर आहे, नानांचा पाऊण. त्यामुळे “दर वीस मिनिटांनी एवढेच प्या” असा एकच नियम सगळ्यांना लावता येत नाही. घामाएवढे सगळे पाणी भरून काढण्याचाही आग्रह नको. चार-सहा तास नुसते साधे पाणी ढोसत राहिल्याने रक्तातले सोडियम उतरते आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून पाण्यात मीठ हवे. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते आणि लहान पुडी २०० मिलिलिटरसाठी. अंदाजाने कालवू नये, पुडीवर लिहिलेले वाचावे.

लांब फेरीत तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, आणि भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या तासापासून थोडे थोडे खावे. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. ज्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती सोडून जेलच्या (साखरेच्या घट्ट द्रवाच्या) पाकिटांवर पैसे घालवण्याची सरावात गरज नाही. दोन केळी, थोडा खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि लिंबू-साखर-मिठाचे पाणी एवढ्यावर आम्ही शंभर किलोमीटर जातो. स्पर्धेत केळे सोलणे अवघड जाते, म्हणून जेल घ्यायचे असेल तर ते आधी चार-पाच रविवारी पोटाला दाखवावे. आदल्या रात्री शेवभाजी, ठेचा आणि भरित टाळावे. ते पदार्थ मला प्रिय आहेत, पण तिखट आणि तेल पोहताना वर येते. भात-वरण किंवा खिचडी खावी आणि लवकर झोपावे.

औषधविक्रेती म्हणून एक कळकळीची विनंती करते. दुखू नये म्हणून स्पर्धेआधी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन पळू नका. शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

आठवडा कसा बसवावा

अर्ध्या अंतरासाठी वीस आठवडे आणि आठवड्याला आठ ते दहा तास लागतात. माझे दुकान दहाला उघडते, त्यामुळे मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पहाटे पोहणे, बुधवारी तासभर सायकलीवर जोराचा सराव, गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी पहाटे धावणे, रविवारी लांब सायकल व जोड-सराव, आणि सोमवारी पूर्ण विश्रांती असे मी बसवले आहे. मंगळवारी वीस मिनिटे उठाबशा, प्लँक (कोपरांवर अंग सरळ तोलून धरणे) आणि पिंढऱ्यांचे व्यायाम होतात. ज्यांची ड्यूटी फिरती आहे त्यांनी वारांना चिकटून न राहता आठवड्यात दोनदा पोहणे, दोनदा सायकल आणि दोनदा धावणे एवढे धरावे, आणि रात्रपाळीनंतर महामार्गावर सायकल काढू नये. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त असेल किंवा झोप सलग तीन रात्री मोडली असेल, तर त्या दिवशीचा सराव सोडून द्यावा. घरच्यांशी आधी बोलून घ्यावे. माझ्या सासूबाईंनी सकाळचा डबा स्वतःकडे घेतला म्हणून माझा रविवार मोकळा झाला, आणि त्या बदल्यात शनिवारची दुपार मी त्यांना दिली आहे. शेवटचे दोन आठवडे सरावाचा वेळ निम्म्यावर आणावा.

स्पर्धेचा दिवस

आदल्या दिवशी सायकल जमा करताना आपल्या जागेपासून प्रवेशद्वारापर्यंत दोनदा चालून रांग मोजून ठेवावी, कारण पाण्यातून भिजून, धापा टाकत आल्यावर सगळ्या सायकली सारख्या दिसतात. हेल्मेट हँडलवर उलटे ठेवावे. त्याचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही. पोहताना गर्दीच्या मागे आणि कडेला उभे राहून सुरुवात करावी, पहिले दोनशे मीटर सरावापेक्षाही हळू जावे. सायकलीवर पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवणे हौशी गटात नियमबाह्य असते. मोठ्या अंतरात साधारण १२ मीटरचे अंतर ठेवावे लागते, नेमका आकडा स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत पाहावा. ७०.३ला सर्वसाधारणपणे साडेआठ तासांची मर्यादा असते आणि पोहण्याला व सायकलीला वेगवेगळ्या मर्यादा असतात. त्या हातावर पेनाने लिहून ठेवाव्यात. धावताना प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी वीस पावले चालून पाणी प्यावे आणि डोक्यावर ओतावे.

माझ्या पहिल्या अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत सोळाव्या किलोमीटरला मी चालायला लागले होते. धावण्याचा मार्ग फेऱ्यांचा होता आणि समोरून नाना आले, माझ्याहून एक फेरी मागे, चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ. त्यांना माझ्यापेक्षा जास्त अंतर बाकी होते. ते न थांबता ओरडले, “ताई, आते थोडंच ऱ्हायनं!” मी पुन्हा धावू लागले, शेवटची रेषा ओलांडली आणि पदक गळ्यात घालून, कोणीही ठरवलेले नसताना, आम्ही पाचही जण शेवटच्या वळणावर जाऊन उभे राहिलो. नाना आले तेव्हा मर्यादेला अकरा मिनिटे बाकी होती.

स्पर्धेनंतर तासाभरात मीठ-साखर आणि दोन तासांत पूर्ण जेवण पोटात जावे, त्या रात्री लांबचा गाडीप्रवास टाळावा, आणि लघवी गडद तपकिरी झाली किंवा झालीच नाही तर दुखण्याच्या गोळ्या न घेता लगेच डॉक्टरांकडे जावे. पुढचे चार दिवस फक्त चालणे, मग दोनदा हलके पोहणे. दहाव्या दिवशी पहाटे मेहरूणला अर्धा तास धावावे आणि घड्याळ घरी ठेवावे.